चार साच्यांमधली वाट

१

गवताचा रोल उघडला की आधी तासभर तो नुसता पसरून ठेवायचा. प्लास्टिकचं गवत असलं म्हणून काय झालं, महिनोन्‌महिने गुंडाळलेलं असतं, अंग मोकळं करायला त्यालाही वेळ लागतो. मग पाती कुठल्या बाजूला कललीत ते बघायचं. सगळ्या पट्ट्यांचा कल एकाच दिशेला हवा. एक जरी पट्टा उलटा पडला तर तेवढाच भाग वेगळ्या रंगाचा दिसतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, ठिगळ लावलंत. मग सांध्याखाली टेप, टेपवर गोंद, तो सुकला की वरून बारीक वाळू, आणि शेवटी ताठ केसांच्या झाडूने कलाच्या उलट झाडत पाती उभी करायची.

शर्वरीला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. सिव्हिलची डिग्री घेऊन दोन वर्षं घरी बसल्यावर तुकोगंजच्या एका ऑफिसात तिला ही नोकरी लागली होती, आणि ही तिची एकटीची पहिली साइट होती.

बंगला विनीताजींचा. माणसं जुन्या सरदार घराण्यातली, पैसा मात्र नवा. बंगल्यामागे लांबट पोहण्याचा तलाव होता आणि त्याच्या भोवतीची खरी हिरवळ दर पावसाळ्यात चिखल व्हायची. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी मुलीचा साखरपुडा त्याच तलावाकाठी व्हायचा होता. आपल्याला चिखल नको, आणि ‘अजून वाळलं नाही’ हेही ऐकायचं नाही, असं विनीताजींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. भादव्याची हवा मात्र कुणाचं ऐकत नव्हती. गोंद लावून चार तास झाले तरी बोटाला तार यायची. अंगावरचा घाम जागच्या जागी राहायचा. तलावाचं पाणीसुद्धा जड झाल्यासारखं हलायचं नाही.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडे मिलची विटांची चिमणी उभी होती. मिलचं आता तेवढंच उरलं होतं. शेडा पाडल्या, यंत्रं भंगारात गेली, जमिनीचे तुकडे झाले, आणि त्यातल्या एका तुकड्यावर हा बंगला आला. शर्वरीला ते ठाऊक होतं. म्हणून तर तिने साहेबांकडून ही साइट मागून घेतली होती.

२

तिचे बाबा, दिवाकर, त्या मिलच्या साळखात्यात एकोणीस वर्षं विणकर होते, साच्यांवर, म्हणजे मागांवर. मिल बंद पडली तेव्हा शर्वरी चौदा वर्षांची होती. तेव्हापासून अकरा वर्षं बाबा नंदानगरच्या त्यांच्या घराच्या ओट्यावर बसून होते. दारू नाही, भांडण नाही, आजार नाही. नुसतं बसणं. आजूबाजूच्या बापांनी ऑटो घेतले, भाजीचे ठेले लावले, पोह्याच्या गाड्या टाकल्या. बाबांना काही विचारलं की म्हणायचे, "बघू." दुपारचे तीन वाजत आले की तेवढे ते उठायचे, रस्त्याकडे पाठ करून दहा-पंधरा मिनिटं उभे राहायचे आणि परत बसायचे. कशासाठी उभे राहता म्हटलं तर उत्तर नाही.

ह्या उत्तर नसण्याचा शर्वरीला लहानपणापासून संताप होता. कॉलेजात गेल्यावर तो तोंडावर आला. मिल संपली, बाबा, आता तिथे कुत्रीसुद्धा जात नाहीत, असं तिने किती वेळा ऐकवलं असेल. त्या पिढीलाच हा रोग होता, असं तिचं मत होतं. कुणीतरी बोलवायला येईल म्हणून बसून राहायचं, आणि बसून राहण्याला इमान म्हणायचं.

म्हणून तिने ठरवलं की दाखवूनच द्यायचं. सामानावर लक्ष ठेवायला भरवशाचा माणूस हवाय, असं आईला सांगून तिने एका सकाळी बाबांना स्कूटीवर मागे बसवलं. कुठे चाललोय ते सांगितलं नाही.

बंगल्याच्या मागे आल्यावर बाबांनी चिमणीकडे डावा खांदा केला, मनात काही मोजल्यासारखं करत भिंतीपासून सरळ चालत गेले आणि तलावाच्या लांब काठाशी थांबले.

"इथे माझे साचे होते," ते म्हणाले. "चार. दोन ह्या अंगाला, दोन त्या."

"होते ना?" शर्वरी म्हणाली. "आता पाणी आहे. नीट बघून घ्या."

बोलून झाल्यावर तिला स्वतःच्या आवाजाची जरा लाज वाटली, पण फार नाही.

बाबांनी पाण्याकडे पाहिलंच नाही. ते खाली बसले होते आणि पसरलेल्या रोलचं टोक उलटं करून त्याच्या पाठीवरून बोटं फिरवत होते.

"हे विणलेलं नाही," ते म्हणाले. "सुईने टोचलंय."

मग डोळे मिटून त्यांनी एकेका पट्ट्यावरून तळहात फिरवला. सातव्या पट्ट्याशी थांबून म्हणाले, हा उलटा आहे. शर्वरीने वाकून पाहिलं. खरंच उलटा होता. तिच्या, आणि दहा वर्षं फरशीकाम केलेल्या चिंतामण मुकादमाच्या डोळ्यांदेखत तो गोंदाला टेकणार होता. चिंतामण हसला आणि म्हणाला, मॅडम, काकाजींना रोज आणत जा.

३

त्या आठवड्यात शर्वरीला तिचे वडील परत मिळाले. दुसऱ्या कुठल्या शब्दांत हे सांगता येत नाही.

बाबा सकाळी तिच्या आधी तयार असायचे. मजुरांना सांधा कसा जुळवायचा ते शिकवायचे. गोंद सुकत नाही म्हणून त्यांनी नायलॉनच्या दोऱ्याने सांधे खालून टाचून दिले, एका हाताने, बघता बघता पडणाऱ्या विणकरी गाठींनी. वरून बोट फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. विनीताजींनी स्वतः गुडघ्यावर बसून तो शोधला आणि हरल्या. बाबा घरी येऊन चार पोळ्या खायचे. रात्री झोपायचे. आई, सरोजिनी, जी इतकी वर्षं त्यांच्याशी पुटपुटल्यासारखं बोलायची, ती स्वयंपाकघरातून गाणं गुणगुणताना ऐकू यायला लागली.

गुरुवारी दुपारपर्यंत तलावाच्या लांब काठावरचं गवत पुरं झालं. वाळू पडली, झाडून झालं, पाती सैन्यासारखी ताठ उभी राहिली. मजूर चहाला फाटकाबाहेर गेले. शर्वरी पुढच्या हॉलमध्ये विनीताजींना कामाची प्रगती सांगत होती. चारच्या सुमाराला ती मागे आली तेव्हा काठावरच्या गवतात एक वाट पडलेली होती.

हातभर रुंद. पाती दोन्हीकडे दबून बसलेली, जशी रोजच्या चालण्याने खऱ्या गवतात बसतात. लांबी अकरा पावलं. मध्येच दोन ठिकाणी आणि दोन्ही टोकांना ती जरा गोल फाकली होती, म्हणजे चालणारा तिथे थांबून वळत असावा. वाट कुठून आली नव्हती आणि कुठे गेलीही नव्हती. नुसतीच काठाला लागून होती, अकरा पावलं, आणि दोन्ही बाजूंना न दबलेलं गवत.

शर्वरीने चिंतामणला झापलं. तो शपथा घ्यायला लागला की अपने सगळे लोक बाहेर होते, चहावाल्याला विचारून घ्या. बाबा सावलीत भिंतीला टेकून बसले होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, कोणी आलं नाही. तिने झाडू घेतला आणि स्वतः पाती उभी केली. पाच मिनिटांचं काम होतं. शुक्रवारी चार वाजता वाट परत तिथेच होती.

४

शर्वरीने विचार केला. विचार करण्यासाठीच तर ती शिकली होती.

बंगल्याच्या मागच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काचेची सरकती दारं होती. दुपारी ऊन त्या काचांवर पडून परत फिरतं, एका पट्ट्यात एकवटतं, आणि प्लास्टिकची पाती त्या आचेने मऊ पडून झोपतात. कंपनीच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलंच होतं. तिला इतकं हायसं वाटलं की ती एकटीच हसली. शनिवारी सकाळी तिने काचांवर हिरवी जाळी बांधून घेतली.

शनिवारी सूर्य उगवलाच नाही म्हणा ना. दिवसभर आभाळ खाली आलेलं, हवा ओल्या गोधडीसारखी. चार वाजता ती जाळीपाशी उभी राहून वाटेकडे बघत होती. आज ती कालच्यापेक्षा खोल होती. वाळूसुद्धा कडेला सरकली होती.

मग तिने टेपने मापं घेतली. खालची गिट्टी, म्हणजे खडी, तिथे बसली असेल तर वरचं गवत दबेल, म्हणून गवताचा एक कोपरा उचलून खाली लोखंडी सळई घालून पाहिली. गिट्टी दगडासारखी घट्ट होती. वाट खालून आलेली नव्हती, वरून पडलेली होती. तिने वाटेवरच्या गोल फाकलेल्या जागेत हात ठेवला. आजूबाजूचं गवत दमट, गार. ती जागा मात्र कोमट होती, आत्ता कुणी उठून गेलेल्या बैठकीसारखी.

तिने हात उचलला आणि पँटला पुसला.

५

रविवारी काम बंद होतं. दुपारी अडीच वाजता बाबांनी शर्ट घातला आणि म्हणाले, जाऊन येतो, नुसतं बघून येतो. शर्वरीने नको म्हटलं. बाबा थांबले, पण तीन वाजता ओट्यावर पाठ करून उभे राहिले नाहीत. घरभर फेऱ्या मारत राहिले, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि मध्ये दोन ठिकाणी थांबून हाताने हवेतच काही चाचपत. आईने पाहिलं. शर्वरीनेही.

संध्याकाळी आईने पोह्यांवर जीरावण मसाला टाकत विषय काढला. बाबांनी विनीताजींशी बोलणं केलं होतं. वाळू टाकलेलं गवत रोज झाडावं लागतं, त्याला कायमचा माणूस हवा, आणि विनीताजींनी बाबांना ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवसापासून. दुपारी दोन ते सहा.

"ते तिथे जाणार नाहीत," शर्वरी म्हणाली.

"का?"

शर्वरीने काय सांगायचं होतं? गवत दबतं म्हणून? जागा कोमट लागते म्हणून? ती म्हणाली की मालकिणीच्या अंगणात झाडू मारायला आपण त्यांना पाठवणार नाही, इतकं काही अडलेलं नाही.

आईने ताटली खाली ठेवली. ती सहसा वाद घालायची नाही.

"अकरा वर्षं तू त्यांना उठा उठा म्हणालीस," आई म्हणाली. "आता उठलेत तर कुठे जातात ते तू ठरवणार? तू नोकरीला जातेस, शरू. दुपारी घरात मी असते. तू नाही पाहिलंस त्या माणसाला तीन वाजता."

शर्वरीला एवढंच कळत होतं की साखरपुड्यानंतरच्या सोमवारपासून तिथे रोज तीन वाजता बाबा असतील आणि ती नसेल.

६

मंगळवारी ती तीन वाजायच्या आधीच जाऊन मागच्या पायरीवर बसली. चिंतामण आणि मजूर पुढच्या बाजूला होते. तलावाचा पंप बंद होता. बाबा काठापासून चार हातांवर उभे होते, हातात झाडू.

तीन वाजले ते तिला घड्याळावरून कळलं नाही. आवाज थांबले. रस्त्यावरचे हॉर्न, बाजूच्या झाडावरचे पोपट, स्वयंपाकघरातला मिक्सर, सगळं एकदम कुणी दार लावून घ्यावं तसं बाहेर राहिलं. त्या शांततेत तिचे दात मात्र थरथरत होते. तिने जबडा हाताने धरला. पायरीच्या दगडातून, कमरेच्या हाडातून काहीतरी वर चढत होतं, एकसारखं, ठोक्याठोक्याने. आणि तलावाचं पाणी, जे इतके दिवस हललं नव्हतं, त्याच्यावर ह्या काठापासून त्या काठापर्यंत बारीक, सरळ, जवळजवळ रेघा उठल्या होत्या. आडव्या आणि उभ्या. ताणून धरलेल्या कापडासारख्या.

काठावरचं गवत दबायला लागलं. एक पाऊल, दुसरं, तिसरं. घाई नव्हती. तिसऱ्यानंतर थांबून अर्धवट वळणं, वाकणं असेल तर तेवढा वेळ, आणि पुढे.

बाबा बोलत होते. त्यांचे ओठ मोठे मोठे, स्पष्ट हलत होते आणि घशातून आवाज निघत नव्हता. शर्वरी लहान असताना त्यांनी तिला ही भाषा शिकवली होती. साळखात्यात शेकडो साचे एकदम धडधडतात, तिथे ओरडून काही उपयोग नसतो, सगळे ओठांनी आणि बोटांनी बोलतात. आई आणि शेजारणींच्या पुढे ते दोघं असंच बोलून हसायचे. बाबा आत्ता पाण्याच्या बाजूला तोंड करून तसंच बोलत होते. मग थांबले, कुणाच्या ओठांकडे बघावं तसं बघितलं, आणि हसले.

"बाबा," तिने हाक मारली. मग मोठ्याने. मग उठून, घसा फुटेल अशी.

बाबांनी मान वळवली. तिला पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर दिलगिरी होती. त्यांनी एक बोट कानाला लावलं आणि डोकं हलवलं. ऐकू येत नाही, आवाज फार आहे.

शर्वरीला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

७

घरी परतताना तिने स्कूटी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, नदीकाठच्या त्या जुन्या समाध्यांपाशी, थांबवली. घरी आईसमोर तिला हे बोलायचं नव्हतं. खाली नदी काळी, फुगलेली, वासाने भरलेली होती. तिने सरळच विचारलं की तुम्ही कोणाशी बोलता.

बाबांनी लपवलं नाही. त्यांच्या बोलण्यात कुठे भीती नव्हती, हेच तिला सगळ्यांत वाईट वाटलं.

"माझ्या साच्यांवर कोणीतरी आहे," ते म्हणाले. "चारही चालवतो एकटा. चांगला हात आहे, बेटा, धागा तुटू देत नाही."

"कोण?"

"पाठ दिसते नुसती."

मग शेवटच्या दिवसाची गोष्ट त्यांनी घरात कधी सांगितली नव्हती, ती त्यांनी सांगितली. साळखात्यात चालता साचा सोडून जायचं नसतं. तीनला दुसऱ्या पाळीचा माणूस येतो, मागून खांद्यावर हात ठेवतो, मग आधीचा बाजूला सरकतो. आवाजात दुसरी रीत चालत नाही. खांद्यावर हात पडला म्हणजे सुटका. त्या दिवशी तीन वाजले आणि कुणी आलं नाही. दुसऱ्या पाळीला फाटकाबाहेरच अडवलं होतं. आत पहिल्या पाळीचे लोक साच्यांसमोर उभे, पाठीवर कान लावून. सव्वातीनला वीज तोडली आणि चौकीदारांनी सगळ्यांना बाहेर काढलं.

"मी बाहेर आलो, असं मलाही वाटत होतं," बाबा म्हणाले.

शर्वरीच्या अंगावर काटा आला आणि त्या काट्याचाच तिला राग आला. ती ओरडली. तुम्ही घरात बसून बसून वेडे झालात, तिथे साचे नाहीत, माणूस नाही, पाच फूट पाणी आहे आणि माझं प्लास्टिकचं गवत आहे. उद्यापासून तुम्ही साइटवर यायचं नाही. विनीताजींना मी सांगते.

बाबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग तिची समजूत घालावी तसं म्हणाले, "त्याला सोडवायला कोणी गेलंच नाही, शरू. मी जातो, खांद्यावर हात ठेवतो. एवढंच तर काम आहे."

"आणि मग तो कुठे जाईल?"

"घरी," बाबा म्हणाले. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

८

तिने विनीताजींना फोनवर सांगितलं की वडिलांची तब्येत बरी नाही, दुसरा माणूस देते. विनीताजी नाराज झाल्या. बाबा तीन दिवस ओट्यावर बसले. चौथ्या दिवशी, शनिवारी, शर्वरी कामाचं हस्तांतर करत होती, शेवटच्या सह्या घेत होती. बाहेर पावसाची सर आली होती. विनीताजी काचेतून मागे बघत हसून म्हणाल्या, "तब्येत बरी नाही म्हणत होतीस. तुझे बाबा तर देखो, पावसात उभे आहेत."

हॉलमधलं घड्याळ तीनला आलं होतं.

शर्वरी धावली. काचेचं दार सरकवून बाहेर पाऊल टाकलं आणि पाऊस ऐकू येईनासा झाला. तो पडत होता, तिच्या डोळ्यांत जात होता, पण आवाज नव्हता. दात थरथरायला लागले. बाबा काठावर उभे होते, वाटेच्या अगदी कडेला. त्यांच्या समोरून गवत दबत चाललं होतं, आणि पावसाचे थेंब तिथे, माणसाच्या उंचीवर, कशावर तरी आपटून बाजूला उडत होते. फार थोडा वेळ. पाठीएवढी जागा. मान. वाकलेला एक खांदा.

बाबांनी हात पुढे केला.

ती ओरडली असेल. तिलाही ऐकू आलं नाही. बाबांचा हात हवेत खाली आला आणि टेकला, आणि तिथेच राहिला, जिथे टेकायला काही नव्हतं.

त्याच क्षणी ती पोचली. पाऊस इतका होता की डोळे उघडे ठेवता येत नव्हते. तिने डोळे मिटूनच हात धरला, मनगटाशी, दोन्ही हातांनी, आणि ओढला. आधी तो हलेना. मग कुणीतरी आतून सोडून दिल्यासारखा सैल झाला, आणि एक माणूस तिच्यामागे चालायला लागला. ती बंगल्याच्या कडेने, विनीताजींच्या हाकांना न थांबता, फाटकापर्यंत त्याला ओढत आली. तिथे पावसाचा आवाज परत आला, एवढ्या जोराने की तिला रडू आलं.

तिथून मागचा काठ दिसत होता. तिला बघायचं नव्हतं. तिने बघितलं.

काठावर कोणी नव्हतं, आणि गवत दबत होतं. तीन पावलं, थांबणं, अर्धवट वळणं. पुढे.

तिच्या हातात हात होता. कढत, कोरडा, बोटांच्या टोकांना दोऱ्याने पडलेल्या बारीक भेगा असलेला. तिने मान वर करून चेहऱ्याकडे पाहिलं नाही. घट्ट धरून त्याला स्कूटीवर बसवलं. रस्त्यात पाणी साचलं होतं. मागून तो काहीतरी म्हणाला, फार मोठ्याने, कान बसलेला माणूस बोलतो तसं. पावसात तिला शब्द कळले नाहीत. परत सांगा, असं ती म्हणाली नाही. ती स्वतःला एकच गोष्ट सांगत होती, की बाबांना आणलं, बाबा मागे आहेत, आता एकदा घर आलं की झालं.

आई टॉवेल घेऊन दारात आली. तो तिने शर्वरीच्या डोक्यावर टाकला, केस दोनदा खसाखसा पुसले, उशीर झाला म्हणून काही बोलायला लागली आणि मग तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं, पायरीवर उभ्या असलेल्या माणसाकडे. तिचे हात थांबले. शर्वरी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथे भीती नव्हती, ओळखही नव्हती. आई एक पाऊल मागे सरकली, पदर ओढला आणि डोक्यावरून पार कपाळापर्यंत घेतला.

"त्यांना ओट्यावर बसायला सांग," ती हळूच शर्वरीला म्हणाली. "हे अजून आले नाहीत म्हणावं."